माकडांची निर्यात आणि १९७८ ची बंदी: अट, तपासणी आणि नकार

अभ्यासाची उद्दिष्टे

हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:
(अ) भारतातून जिवंत माकडांची निर्यात का सुरू झाली आणि का वाढली;
(आ) १९५५ ची तात्पुरती बंदी आणि १९७८ ची कायमची बंदी यांत फरक काय;
(इ) आज शेळ्या-मेंढ्यांच्या निर्यातीबद्दल जो वाद चालतो, त्याला या इतिहासाचा काय उपयोग.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मी दिल्लीत मुनिरक्याला राहतो आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण एका वर्षात तीन वेळा माकडांनी उचकटले. तिसऱ्या वेळी मी झाकणाला तार बांधत असताना खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ वर आले. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पूर्वी आपण ही माकडे विमानाने अमेरिकेला पाठवत होतो. चार पैसे तरी मिळत होते. कोणी बंद केले हे?"

"मोरारजींनी," मी म्हणालो.

"का?"

"प्राण्यांवर दया म्हणून," असे उत्तर मी दिले. पुढे वाचन केल्यावर कळले की हे उत्तर अर्धेच होते. हे टिपण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

जिवंत जनावरांची निर्यात बंद करावी की नाही, हा वाद सध्या जगभर चालू आहे. न्यूझीलंडने एप्रिल २०२३ पासून समुद्रमार्गे जिवंत गुरे पाठवणे थांबवले. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये जवळजवळ सहा हजार गाई घेऊन चीनकडे निघालेले जहाज वादळात बुडाले होते आणि त्यावरील ४३ पैकी ४१ माणसे गेली होती. ब्रिटनने मे २०२४ मध्ये कत्तलीसाठी होणाऱ्या जिवंत निर्यातीवर बंदीचा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी कायदा करून मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात थांबवण्यासाठी १ मे २०२८ ही तारीख ठरवली. आपल्याकडे मात्र असाच एक वाद पन्नासच्या दशकातच सुरू झाला होता. त्यात मेंढी नव्हती, माकड होते. प्रश्न पोटाचा नव्हता, लशीचा होता. म्हणूनच तो वाद अधिक अवघड होता आणि म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे.

२. मागणी कशी निर्माण झाली

उत्तर भारतात दिसणारे लाल तोंडाचे माकड म्हणजे ऱ्हिसस. आपल्या कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात दिसते ते टोपी माकड वेगळे. ऱ्हिससचा पट्टा उत्तरेकडून साधारण विदर्भापर्यंत येतो. तुमच्या रक्तगटापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहिलेले असते, तो आरएच घटक याच माकडाच्या नावावरून ओळखला जातो. कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच लँडस्टायनर यांनी १९०८ साली व्हिएन्नात दाखवून दिले होते की पोलिओ माणसाकडून माकडाला देता येतो. तेव्हापासून पोलिओवरचे संशोधन आणि माकड यांची जोडी जमली.

खरी मागणी वाढली ती जोनास सॉल्क यांच्या लशीमुळे. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. सॉल्क यांच्या पद्धतीत त्या पेशी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या जात. १९५४ साली अमेरिकेत सुमारे १८ लाख मुलांना सामील करून चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी निकाल जाहीर होऊन लशीला परवाना मिळाला. त्याच महिन्यात एका कारखान्याच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघड झाले. मुले लुळी पडली, काही दगावली. त्यानंतर लशीच्या तपासण्या आणखी कडक झाल्या. म्हणजे माकड दोन ठिकाणी लागत होते: लस बनवताना आणि बनलेली लस तपासताना.

मूत्रपिंड काढायचे म्हणजे माकड मारायचेच. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाला एक लाखाहून अधिक माकडे बाहेर जात होती. अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक होता.

३. १९५५: पहिली बंदी आणि सशर्त परवानगी

१९५५ च्या नववर्षाला लंडनच्या विमानतळावर एक दुर्घटना घडली. दिल्लीहून न्यूयॉर्कला निघालेली ३९४ माकडे विमान बदलताना एका बंद गाडीत ठेवली गेली आणि गुदमरून मेली. बातमी भारतात आली आणि लोकांत संताप उसळला. उत्तर भारतात माकड हे हनुमानाचे रूप मानले जाते, हे एक कारण होतेच. पण संसदेत व वृत्तपत्रांत प्रश्न विचारला गेला तो असा: आपण जनावर विकतो, मग वाटेत आणि तिकडे गेल्यावर त्याचे काय होते, याची जबाबदारी कोणाची? तो काळही लक्षात घ्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचे विधेयक राज्यसभेत मांडले होते. पुढे १९६० साली जो कायदा झाला, त्याचे मूळ तिथे आहे.

सरकारने निर्यात थांबवली. पण पोलिओची लस दारात येऊन उभी होती. अमेरिकेकडून विनंती आली आणि थोड्याच काळात पंडित नेहरूंच्या सरकारने निर्यात पुन्हा सुरू केली, मात्र अटीवर. माकडे फक्त वैद्यकीय संशोधनासाठी आणि लसनिर्मितीसाठी वापरली जातील व त्यांना दयेने वागवले जाईल, असे प्रमाणपत्र घेणाऱ्याने द्यायचे.

या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे, पण तेव्हाची बाजू समजून घ्या. पोलिओ हा काही अमेरिकेपुरता रोग नव्हता. आपल्या गावोगावी पाय लुळे पडलेली मुले होती. निर्यात पूर्ण थांबवली असती तर लसनिर्मिती रखडली असती आणि त्याची किंमत मुलांनी मोजली असती. भारतातील जंगली विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेवर उत्तर प्रदेशातून उचललेल्या असंख्य माकडांचा वाटा आहे. ही गोष्ट निर्यातीच्या विरोधकांनीही नाकारू नये.

आता दुसरी बाजू. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. १९५५ च्या व्यवस्थेत आपण मालाच्या वापराची अट लिहिली, पण तपासणीची सोय केली नाही. प्रमाणपत्र देणारा ग्राहकच आणि ते खरे ठरवणाराही ग्राहकच. माकड परदेशी उतरले की भारताचा अधिकारी त्या प्रयोगशाळेत जाऊ शकत नव्हता. 'वैद्यकीय संशोधन' या शब्दांची नेमकी व्याख्याही ठरलेली नव्हती. ही फट बावीस वर्षे तशीच राहिली.

४. गावात काय घडत होते

माकड पकडले जाई उत्तर प्रदेशच्या गावांत, रस्त्याकडेला, कालव्याकाठी, आमराईत. जाळी आणि पिंजरे लावून पकडणारे लोक पिढीजात होते. प्रयोगशाळांना लहान, निरोगी जनावरे हवी असत, म्हणून टोळीतली पिल्ले आणि वयात येणारी माकडे उचलली जात.

याचा परिणाम मोजला तो अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे एम. रफिक सिद्दिकी आणि अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक यांनी. १९५९ पासून त्यांनी अलीगढ परिसरातील टोळ्या वर्षानुवर्षे मोजल्या. त्यांना दिसले की टोळ्यांत मोठी माकडे आहेत, तान्ही पिल्ले आहेत, पण मधल्या वयाची माकडे फारच कमी आहेत. लोकसंख्येच्या आलेखात मधला थरच नसेल तर पुढे काय होणार, हे सांगायला गणिताची गरज नाही. टोळ्या घटत गेल्या. शेतकऱ्यांचा जुना सोशिकपणाही कमी होत होता आणि झाडी तुटत होती. पण पकडीचा वाटा मोठा होता.

हे काम मुद्दाम सांगतो, कारण १९७८ च्या निर्णयामागे केवळ भावना होती असा समज आहे. भावना होती, पण जमिनीवर वीस वर्षे घेतलेली मोजदादही होती. सरकारने सत्तरच्या दशकात वार्षिक कोटा टप्प्याटप्प्याने कमी करत २०,००० वर आणला होता, तो याच काळजीतून.

५. १९७७–७८: कायमची बंदी

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. मराठी वाचकाला मोरारजी देसाई आठवतात ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातले, आणि ती आठवण गोड नाही. इथे ते वेगळ्या भूमिकेत भेटतात.

त्या वर्षी अमेरिकेत न्यूट्रॉन बॉम्बवर मोठी चर्चा चालू होती. त्या चर्चेत एक माहिती पुढे आली. मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे अमेरिकेच्या सैन्याची किरणोत्सार-जीवशास्त्राची संस्था होती. तिथे ऱ्हिसस माकडांना ट्रेडमिलवर धावायला शिकवून नंतर किरणोत्साराचा जबर मारा केला जात असे. त्यानंतर ते किती वेळ काम करू शकते आणि किती वेळाने मरते, याची नोंद होई. रणांगणावर किरणोत्सार झालेला सैनिक किती वेळ लढू शकेल, हे जाणण्यासाठी हा प्रयोग होता. इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग या संघटनेच्या शर्ली मॅकग्रील यांनी ही माहिती भारत सरकारपर्यंत आणि भारतीय वृत्तपत्रांपर्यंत पोचवली.

अमेरिकन बाजूचे म्हणणे होते की किरणोत्साराचा शरीरावरील परिणाम तपासणे हेही वैद्यकीय संशोधनच आहे. दिल्लीला ते पटले नाही. लशीसाठी दिलेले जनावर बॉम्बसाठी वापरले, म्हणजे करार मोडला, असा अर्थ दिल्लीने घेतला. डिसेंबर १९७७ मध्ये घोषणा झाली आणि १ एप्रिल १९७८ पासून ऱ्हिसस माकडांची निर्यात बंद झाली.

आता माझ्या शेजाऱ्यांच्या "का?" या प्रश्नाचे दुरुस्त उत्तर असे: श्रद्धा होती, मोरारजींची स्वतःची शाकाहारी आणि अहिंसेची बैठक होती, घटत्या संख्येची मोजदाद होती. पण निर्णायक ठरले ते हे की घातलेली अट पाळली जाते की नाही, हे पाहण्याचा कोणताही मार्ग भारताच्या हातात नव्हता. जिवंत प्राणी सीमेपलीकडे गेला की आपला कायदा त्याच्यासोबत जात नाही. मग हातात दोनच पर्याय उरतात: विश्वास किंवा नकार. भारताने १९५५ साली विश्वास ठेवला आणि १९७८ साली नकार दिला.

६. बंदीनंतर काय झाले

*जगात:* संशोधन थांबले नाही. अमेरिकेने स्वतःच्या पैदास केंद्रांवर खर्च वाढवला. बांगलादेशाने एका अमेरिकन कंपनीशी केलेला माकडांचा करार १९७९ साली रद्द केला. मागणी इंडोनेशिया, फिलिपिन्स, मॉरिशस, चीन आणि पुढे कंबोडियाकडे वळली. प्राण्याची जातही बदलली, ऱ्हिससच्या जागी बऱ्याच ठिकाणी लांब शेपटीचे माकड आले. चीनने २०२० साली निर्यात थांबवल्यावर कंबोडियाचे महत्त्व वाढले. २०२२ साली अमेरिकी सरकारने न्यायालयात आरोप केला की रानातून पकडलेली माकडे पिंजऱ्यात पैदास केलेली असल्याचे कागद रंगवून पाठवली गेली. त्या खटल्यातील एक अधिकारी पुढे निर्दोष सुटला. निकाल काहीही असो, आधी वापराचा कागद होता, आता उगमाचा कागद आहे. प्रश्न तोच, की कागद खरा आहे हे कोण पाहणार?

बंदीचा एक चांगला परिणाम म्हणजे पर्यायांकडे लक्ष गेले. लशीसाठी दरवेळी नवे माकड मारण्याऐवजी प्रयोगशाळेत कायम वाढवता येणाऱ्या पेशी वापरण्याची पद्धत रुळली. हा बदल एकट्या भारताच्या बंदीने झाला असे मात्र म्हणू नका. ऱ्हिससच्या मूत्रपिंडातील पेशींत एसव्ही-४० नावाचा विषाणू दडलेला असतो, हे १९६० सालीच कळले होते आणि सुरक्षिततेसाठीही बदल हवाच होता.

*भारतात:* बंदी निर्यातीवर होती, वापरावर नव्हती. २०२० साली कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २० ऱ्हिसस माकडे हवी होती. टाळेबंदीत माकडे गावे सोडून रानात गेली होती. बरीच शोधाशोध करून ती अखेर नागपूर परिसरातून मिळवावी लागली. मात्र ती माकडे आपल्या कायद्याच्या आणि आपल्या नैतिक समितीच्या कक्षेत राहिली.

माकडांची संख्याही सावरली. १९८० च्या सुमारास देशात सुमारे दोन लाख ऱ्हिसस उरले असावेत असा साउथविक-सिद्दिकी यांचा अंदाज होता. पुढच्या काही वर्षांत तो दुपटीवर गेला. आणि इथून माझ्या गच्चीची गोष्ट सुरू होते.

७. मग पुन्हा निर्यात सुरू करावी का?

दिल्लीत २००७ साली उपमहापौरांचा माकडांना हुसकावताना बाल्कनीतून पडून मृत्यू झाला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने शहरातील माकडे पकडून असोला भाटी अभयारण्यात सोडण्याचे काम सुरू झाले. हिमाचल प्रदेशात पिकांचे इतके नुकसान झाले की राज्याने केंद्राकडे निर्यातबंदी उठवण्याची मागणी केली आणि २०१६ साली तिथल्या काही भागांत माकडाला उपद्रवी प्राणी घोषित केले गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ऱ्हिसस माकड वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीतही राहिलेले नाही. कोकणातील आंबा-काजूवाल्यांना विचारा, तेही माकडांबद्दल हेच सांगतील, जात वेगळी असली तरी.

हे नुकसान खरे आहे आणि ज्यांच्या शेतात ते होते त्यांना दयेचे धडे देणे योग्य नाही. पण निर्यात हा त्यावर उपाय नाही. कारणे तीन. पहिले, आज प्रयोगशाळांना रोगमुक्त, पैदास केलेली जनावरे लागतात. मुनिरक्याच्या कचऱ्यावर वाढलेले माकड कोणी घेणार नाही, कारण या जातीत हर्पीस-बी हा माणसाला जीवघेणा ठरणारा विषाणू आढळतो. दुसरे, पूर्वीही उपद्रवी नर पकडले जात नव्हते, पिल्ले पकडली जात होती. तिसरे, शहरातील माकडे वाढली ती आपण टाकलेल्या अन्नामुळे आणि दर मंगळवारी वाटलेल्या केळ्यांमुळे. तो पुरवठा चालू राहिला तर रिकामी जागा दुसरी टोळी भरते. श्रीलंकेत २०२३ साली एक लाख माकडे चीनला पाठवण्याचा प्रस्ताव आला, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो मागे पडला.

८. नागपूर, २०१८: तोच प्रश्न, दुसरा प्राणी

आता महाराष्ट्रात या. ३० जून २०१८ रोजी नागपूर विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या घेऊन पहिले विमान शारजाला जायचे होते. तीन महिन्यांत सुमारे एक लाख जनावरे पाठवण्याची योजना होती. राज्यसभेचे तेव्हाचे खासदार डॉ. विकास महात्मे यांचा यात पुढाकार होता. धनगर समाजाला आखाती बाजारात चांगला भाव मिळावा, हा हेतू होता. जैन समाज आणि प्राणीप्रेमी संघटनांनी विरोध केला आणि आदल्या दिवशीपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरात सरकारने कच्छच्या टुना बंदरातील निर्यात थांबवली आणि तो वाद न्यायालयात गेला. जून २०२३ मध्ये केंद्राने १८९८ च्या आयात कायद्याऐवजी आयात-निर्यात दोन्हींना लागू होणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा ठेवला आणि विरोधामुळे दोन आठवड्यांतच मागे घेतला.

तिन्ही वेळा वाद श्रद्धा विरुद्ध व्यापार असा रंगला. निर्यात होऊ देण्यासाठी प्रवासात किती जागा, किती पाणी, किती तापमान हवे आणि उतरल्यावर कोण तपासणार, याची चर्चा फारशी झाली नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे गेलेल्या एका जहाजावर उष्णतेने सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या. जहाजावरील कर्मचाऱ्याने केलेले चित्रीकरण पुढच्या वर्षी बाहेर आले, तेव्हा देशाला कळले. ऑस्ट्रेलियाचे नियम कागदावर कडकच होते.

माझे मत स्पष्ट सांगतो, तुम्ही ते तपासून घ्या. जी अट आपण तपासू शकत नाही, ती अट नव्हे. म्हणून मी जिवंत निर्यातीच्या बाजूने नाही. पण बंदी घालणाऱ्यावर एक देणे लागते. १९७८ साली माकडे पकडणाऱ्या कुटुंबांचे पुढे काय झाले, याची चर्चा बंदीच्या गौरवात सापडत नाही. २०१८ साली विमान थांबले, पण मेंढपाळाला चांगला भाव कसा मिळेल, या प्रश्नाचे उत्तर विमान थांबवणाऱ्यांनी दिले नाही. मेंढी इथेच कापून शीत साखळीतून मांस पाठवले तर कातडे, लोकर आणि मजुरी देशातच राहते. मात्र कुर्बानीसाठी जिवंत जनावरच हवे असलेला ग्राहक त्याने मिळत नाही. हा हिशेब उघडपणे मांडला पाहिजे.

९. कालपट

- १९०८: पोलिओ माकडाला देता येतो हे सिद्ध
- १९५५: लंडन विमानतळावरील दुर्घटना, तात्पुरती बंदी, सशर्त परवानगी
- १९५९: अलीगढ परिसरात माकडांच्या मोजदादीला सुरुवात
- १९६०: प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा
- डिसेंबर १९७७: निर्यातबंदीची घोषणा
- १ एप्रिल १९७८: बंदी लागू
- २०१८: नागपूर–शारजा योजना स्थगित
- २०२३: विधेयकाचा मसुदा मागे

१०. स्वाध्याय

१. १९५५ च्या परवानगीत तपासणीची सोय करायची असती तर तुम्ही कोणती केली असती? ती दुसऱ्या सार्वभौम देशात चालली असती का?
२. 'वैद्यकीय संशोधन' याची अशी व्याख्या लिहा की जिच्यात लस बसेल आणि बेथेस्डाचा प्रयोग बसणार नाही. लिहिताना आलेल्या अडचणी नोंदवा.
३. तुमच्या भागातील एका मेंढपाळाशी किंवा बागायतदाराशी बोला. जिवंत निर्यातीबद्दल किंवा माकडांबद्दल त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत एक पानभर लिहा.
४. माझ्या मताच्या विरुद्ध बाजूने ३०० शब्द लिहा. पोलिओचे उदाहरण त्यात आलेच पाहिजे.